कात्रजचा घाट, तेव्हाचा आणि आत्ताचा

शाहिस्तेखानावर छापा घालून महाराज लाल महालातून निसटले. मागे लागलेल्या मोगली फौजेला चकवायला बैलांच्या शिंगांना पलिते बांधले आणि ते बैल कात्रजच्या घाटाकडे पिटाळले. फौज उजेडाच्या मागे धावली, महाराज भलत्याच वाटेने निघून गेले. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. छापा १६६३ सालचा, आणि तेव्हापासून 'कात्रजचा घाट दाखवणे' म्हणजे समोरच्याला बेमालूम फसवणे.

मित्रांनो, कात्रजचा घाट अजूनही फसवतो. फक्त आता फसतो तो साताऱ्याकडून येणारा ट्रकवाला, आणि त्याची किंमत मोजतात खाली नवले पुलाजवळ सिग्नलच्या आशेवर उभी असलेली माणसं.

पोस्ट मोठी आहे. पण त्या उतारावरून तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी रोज जात असेल, तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

दोन तारखा आधी लक्षात घेऊ.

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका ट्रकने पुढच्या गाड्या उडवत आणल्या. सुमारे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. सुरुवातीला सगळीकडे एकच बातमी, 'ब्रेक फेल'. नंतर प्राथमिक तपासात पुढे आलं ते वेगळंच. ब्रेक फेल नव्हते. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती. डिझेल वाचवायला.

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवारची संध्याकाळ. तोच उतार. एक कंटेनर अनावर झाला, पुढच्या गाड्यांवर आदळला, मोठ्या वाहनांच्या मध्ये एक कार चेपली गेली आणि आग लागली. ८ जण गेले. पुन्हा तोच शब्द कानावर आला, ब्रेक.

दोन्ही वेळी आपण काय केलं? चालकाला शिव्या घातल्या, 'ब्लॅक स्पॉट' हा शब्द दोन आठवडे वापरला, मग रम्बलर आले, बोर्ड आले, वेगमर्यादा खाली आली. मधल्या काळातही तिथे लहानमोठे अपघात होतच राहिले. चालक दर वेळी वेगळा, गाडी वेगळी, गाव वेगळं. जागा मात्र तीच. चालकच तेवढा दोषी असेल, तर राज्यातले सगळे वाईट चालक नेमके इथेच येऊन कसे चुकतात?

या प्रश्नाचं बरंच उत्तर एका साध्या विचारात आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये रे फुलर नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. २००० सालच्या आसपास त्यांनी अपघाताकडे बघायची एक रीत मांडली. भाषा अभ्यासकांची आहे, पण मतलब कुणालाही कळेल असा. रस्ता तुमच्याकडे काही मागत असतो: लक्ष, अंदाज, ब्रेक, स्टिअरिंग, आणि हे सगळं किती सेकंदांत द्यायचं तेही. ही झाली मागणी. आणि त्या क्षणी तुम्ही जे देऊ शकता ती तुमची कुवत. शिक्षण, अनुभव, झोप, वय, दारू, फोन, घरचं टेन्शन, सगळं त्यात आलं. कुवत मागणीपेक्षा जास्त असेल तर गाडी ताब्यात. मागणी कुवतीच्या वर गेली की ताबा सुटला.

आता पुढचं जास्त महत्त्वाचं. ताबा सुटला म्हणजे लगेच अपघात होतो असं नाही. कधी रस्ता रिकामा असतो, कधी समोरचा ब्रेक मारतो, कधी बाजूचा दुचाकीवाला फुटपाथवर चढतो आणि आपण वाचतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. आपण रोज सुखरूप घरी पोचतो, त्यात आपल्या हाताच्या सफाईचा वाटा किती आणि समोरच्याने शेवटच्या क्षणी दाबलेल्या ब्रेकचा किती, हे एकदा प्रामाणिकपणे मोजून बघा.

फुलर यांचा आणखी एक मुद्दा. या सगळ्यात चालकाच्या हातात सगळ्यात मोठी किल्ली असते ती वेगाची. रस्ता अवघड वाटला की माणूस आपोआप हळू होतो आणि सोपा वाटला की वेग वाढवतो. म्हणजे खरा घात होतो तो अवघड असून सोप्या दिसणाऱ्या रस्त्यावर.

आता आला ना कात्रजचा घाट लक्षात?

हा हिशेब आपल्या पूर्वीच्या लोकांना कळत नव्हता असं समजू नका. त्यासाठी जरा बोरघाटात जाऊ.

पुण्याहून कोकणात उतरायचं तर पूर्वी लमाणांचे बैल नाहीतर पालखी. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा न्यायला घाटातून रस्ता काढला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. पण खरा धडा आहे तो रेल्वेचा. १८६३ मध्ये जीआयपी रेल्वेची बोरघाटातली लाइन सुरू झाली. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट, रेल्वेच्या मानाने फारच तीव्र. खंडाळ्याजवळ गाडी थांबवून तिची दिशा उलटी करायचं स्टेशन होतं, कारण सरळ चढवायला डोंगर जागाच देत नव्हता.

त्या काळच्या इंजिनिअरांनी गृहीत काय धरलं होतं? ड्रायव्हर हुशार असेल, ब्रेक चांगले असतील, असं नाही. कधी ना कधी ब्रेक लागणार नाहीत आणि कधी ना कधी माणूस चुकणार, हे त्यांनी गृहीत धरलं. म्हणून उतारावर ठरावीक ठिकाणी 'कॅच सायडिंग' केलं. मूळ रुळापासून फुटून वर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा रुळाचा तुकडा. यातली खरी अक्कल बघा. सांधा नेहमी त्या सायडिंगकडे लावलेला असतो. खाली उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, गाडी ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मग सांधा बदलून पुढची वाट मिळणार. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाऊन थांबणार. खाली वस्तीत, स्टेशनात घुसणार नाही.

मुंबईला जाताना खंडाळा सोडल्यावर मंकी हिलला, ठाकूरवाडीला गाडी उगीच थांबते असं वाटून आपण वैतागतो. ते उगीच नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांची ती शिस्त आहे. माणसाच्या कुवतीवर भरवसा ठेवायचा, पण आंधळा नाही.

सांधा आधीच 'चुकेल' असं धरून लावलेला! रस्ते बांधताना आपण नेमकं उलटं धरतो, की कुणीच चुकणार नाही.

आता पुण्यात परत येऊ.

आमच्या आधीच्या पिढीचं पुणं सायकलींचं होतं. कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचे लोंढे सुटायचे, कॉलेजांसमोर सायकलींच्या रांगा लागायच्या. सायकलचा वेग ताशी १५ धरा. त्या वेगाला रस्ता मागतो किती? थोडंच. समोर कुणी आलं तर पाय टेकवायला वेळ असतो. धडक झाली तरी गुडघा फुटतो, जीव सहसा जात नाही. मागणी कमी होती म्हणून कुवत पुरत होती. तेव्हाचे पुणेकर काही फार शिस्तीचे होते म्हणून नव्हे! सायकलवाले सिग्नल पाळत होते असं कुणी सांगितलं तर हसायला लागाल.

मग १९७२ साली आकुर्डीहून चेतक आली आणि त्याच साली फिरोदियांची लूना. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. १९८४ नंतर कायनेटिक होंडा आली: गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की चालू. लूना आणि कायनेटिकने शहरातल्या बायकांना, मुलींना, वयस्क माणसांना स्वतःचं वाहन दिलं. पुण्याच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका.

पण आपल्या हिशेबात काय झालं ते पाहा. गाडी चालवणं सोपं झालं. क्लच सांभाळायचा नाही, गिअर बदलायचा नाही. मोकळं झालेलं लक्ष आपण कुठे लावलं? थोडं गप्पांत, थोडं पुढे फोनवर, आणि बरंचसं वेगात. यंत्र जितकं सोपं होत गेलं, तितका रस्ता अवघड होत गेला. बस, रिक्षा, टँकर, कार, डंपर, सगळे एकाच पट्टीवर. मागणी काही पटींनी वाढली. कुवत? मेंदू तोच, डोळे तेच. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला लागणारा सेकंद-दीड सेकंद तोच. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मोबाइलवर दोन सेकंद नजर टाकली तर ३३ मीटर. पीएमपीएमएलच्या १२ मीटरच्या पावणेतीन बसच्या लांबीइतकं अंतर आपण डोळे मिटून जातो.

हेल्मेटबद्दलही इथेच एक ओळ. जानेवारी २०१९ मध्ये पुणेरी पगड्या घालून निघालेला सक्तीविरोधी मोर्चा सगळ्यांना आठवत असेल. हेल्मेटने अपघात टळत नाही हे विरोधकांचं म्हणणं खरंच आहे. हेल्मेट मागणी कमी करत नाही, कुवतही वाढवत नाही. ते फक्त चुकीची किंमत कमी करतं, जिवावरचं डोक्यावर निभावतं. म्हणूनच ते घालायचं.

आता बायपास.

कात्रज–देहूरोड बायपास कशासाठी झाला? सातारा-मुंबई अशी थेट जाणारी अवजड वाहतूक शहराच्या बाहेरून जावी म्हणून. कल्पना योग्य होती. तेव्हा त्या बाजूला आंबेगाव, नऱ्हे, धायरी, वडगाव ही गावं होती आणि मधे शेतं. मग रस्ता झाला म्हणून जमिनींचे भाव वाढले, भाव वाढले म्हणून इमारती आल्या, कॉलेजं आली, हॉस्पिटलं आली, गोदामं आली. २०१७ मध्ये धायरी, आंबेगावसह ११ गावं महापालिकेत घेतली. २०२१ मध्ये नऱ्ह्यासह आणखी २३. शहराबाहेरचा रस्ता कागदावर आणि प्रत्यक्षातही शहराच्या मधोमध आला.

म्हणजे काय झालं बघा. वरून ४० टनांचा ट्रक हायवे समजून उतरतोय. खाली तोच रस्ता कुणाच्या तरी सोसायटीचा, क्लासचा, दूध आणायला जायचा रस्ता आहे. दोघांची एकाच डांबराकडून वेगवेगळी अपेक्षा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. रस्ता मात्र दोघांनाही खोटं सांगतोय.

गंमत म्हणजे, गंमत कसली, पण २ ऑक्टोबर २०२२ ला चांदणी चौकातला जुना पूल स्फोटाने पाडला. सगळं शहर टीव्हीसमोर बसून बघत होतं. १२ ऑगस्ट २०२३ ला नवे पूल सुरूही झाले. मनात आणलं तर याच बायपासवर काम किती लवकर होतं, त्याचा हा पुरावा. तो पूल पाडून दोन महिनेही झाले नव्हते, तोवर नवले पुलावरचा तो ४८ गाड्यांचा अपघात झाला. कोंडी डोळ्यांना दिसते, गाडीत बसलेल्या मंत्र्यालाही दिसते. उतार दिसत नाही.

आणि उतार दिसत नाही हे मी अलंकारिक म्हणत नाहीये.

जुन्या कात्रज घाटात वळणावर वळण आहे, बाजूला दरी दिसते, रस्ता अरुंद आहे. नवखा माणूससुद्धा तिथे दुसऱ्या गिअरवर येतो. घाट स्वतःच ओरडून सांगतो, 'हळू.' नवीन बोगद्यातून बाहेर पडल्यावर काय दिसतं? रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता. जांभूळवाडीचा दरी पूल ओलांडला, स्वामीनारायण मंदिर गेलं की पुढे नऱ्ह्याच्या सेल्फी पॉइंटकडे लांबलचक उतार. अशा रुंद रस्त्यावर उतार डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटतो. कारमध्ये बसून तुम्हालाही तसंच वाटतं. तिथे उतार आहे हे कळतं ते सायकलवाल्याला आणि ब्रेक तापलेल्या ट्रकला.

थोडा हिशेब करू, कठीण नाही. ४० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरला, तर त्याच्या वजनातून जी ऊर्जा सुटते ती सुमारे ११ युनिट विजेइतकी. एवढ्या उष्णतेने सव्वाशे लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. खालचा गिअर असेल तर इंजिन तिचा मोठा वाटा खातं. गाडी न्यूट्रल असेल तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक दाबत दाबत उतरलं की ड्रम आणि लायनर तापतात, तापलेला लायनर पकड सोडतो, चालक आणखी जोरात दाबतो, ते आणखी तापतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होते, स्टिअरिंग जड होतं. शेवटी चालक सांगतो, 'साहेब, ब्रेक लागलाच नाही.' तो खोटं बोलत नसतो. ब्रेक खरंच लागलेला नसतो. फक्त तो तिथे खाली नव्हे, वर दोन-तीन किलोमीटर मागे, न्यूट्रल मारला त्या क्षणी गेलेला असतो.

आणि वेगाचं गणित तर अजून क्रूर. वेग ३० चा ६० झाला की गाडी थांबवायला लागणारं ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

म्हणजे फुलर यांच्या भाषेत, बोगद्यातून बाहेर पडताना मागणी कमी 'दिसते', प्रत्यक्षात मीटर-मीटरला वाढत जाते, आणि जिथे ती सगळ्यात जास्त होते नेमकी तिथेच खाली शहराची गर्दी उभी असते. त्याच वेळी चालकाची कुवत तळाला गेलेली असते. कशी ते बघू.

हा ट्रक कदाचित कर्नाटकातून, त्याच्याही पलीकडून निघालेला असतो. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. तो कायदा हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर जाऊन चालकांना वाचून दाखवा, चहा सांडेपर्यंत हसतील. पोचायची वेळ मालकाने ठरवलेली, डिझेलचा कोटा मालकाने ठरवलेला, वाचलेलं डिझेल ही बऱ्याच ठिकाणी चालकाची वरकमाई. मग उतार दिसला की हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. खरं तर आजच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून पाय एक्सलरेटरवरून काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. म्हणजे जीव टांगणीला लावून वाचवतो काय? काहीच नाही. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला शिकवलं उस्तादाने, उस्तादाला त्याच्या उस्तादाने, जुन्या गाड्यांवर.

लायसन्सच्या परीक्षेचं काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून बघा. परीक्षेत काय काय तपासायचं त्याची यादी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की उतारावर जाताना चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे. नियम उत्तम आहे. आता स्वतःची परीक्षा आठवा. आठचा आकडा काढला, थोडं पुढे-मागे घेतली, इंडिकेटर दाखवला. तुमच्यापैकी किती जणांना परीक्षकाने खऱ्या उतारावर नेऊन खालचा गिअर टाकायला लावला? कमेंटमध्ये सांगा, मला खरंच मोजायचंय.

इथे कुणीतरी म्हणेल, 'म्हणजे चालकाला सोडून द्यायचं?' अजिबात नाही.

१९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. पोर्शे गाडी, चालवणारा १७ वर्षांचा, दोन तरुण इंजिनिअर गेले. तो हिशेब वेगळा आहे. तिथे रस्ता सपाट होता, गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक होती. मागणी वाढवली ती वेगाने, आणि वेग स्वतः निवडलेला. वय कमी, लायसन्स नाही, दारू प्यायल्याचा आरोप. हातात किल्ली असताना माणूस मुद्दाम मागणी चढवतो, तिथे जबाबदारी त्याची आणि त्याला किल्ली देणाऱ्याची. त्या मुलाला जामिनाच्या अटींमध्ये अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, तेव्हा सगळा देश चिडला. चिडणं योग्यच होतं. पण एक सांगू? असा निबंध लिहायला सांगायचाच असेल, तर तो आपल्या रस्ते बांधणाऱ्या, परवाने देणाऱ्या, बांधकामांना परवानगी देणाऱ्या प्रत्येक खात्याला सांगा. आणि ३०० शब्दांत भागणार नाही.

कल्याणीनगर आणि नवले पूल या दोन गोष्टी आपण एकाच पिशवीत टाकतो, 'बेदरकार ड्रायव्हर' म्हणून. त्यामुळे दोन्हीकडे उपाय चुकतो. एके ठिकाणी माणसाने स्वतः कुवत घालवली. दुसऱ्या ठिकाणी रस्त्याने साधारण कुवतीच्या, थकलेल्या माणसाकडून असाधारण मागणी केली आणि तीही लपवून. पहिल्याला शिक्षा हवी. दुसऱ्याला शिक्षा हवीच, पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्या वर्षी दुसरा चालक, दुसरा कंटेनर, तीच जागा.

कायद्यालाही हे आता कळलंय. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड. त्या रस्त्यावर कुठली वाहतूक येणार हे अपेक्षित होतं आणि धोका आहे हे संबंधितांना माहीत होतं का, हेही कोर्टाने पाहायचंय. नवले पुलाचा धोका माहीत नव्हता असं म्हणायची आज कुणाची हिंमत आहे? १ लाख रुपये म्हणजे काही फार नाही, ८ जिवांना तर नाहीच. पण दार तरी उघडलंय.

आणि बदल होतो, हे आपल्याच शेजारी दिसलंय. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा देशाचा अभिमान. पुढे तोच मृत्यूचा रस्ता म्हणून ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये तिथे वर्षाला दीडशेच्या आसपास माणसं मरत होती. त्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून एकेक जागा तपासायला घेतली. उघडे खांब झाकले, कठडे नीट केले, उभ्या ट्रकवर लक्ष ठेवलं, जखमींना लवकर हलवायची व्यवस्था केली. लॉकडाउनच्या आधीच, २०१९ मध्ये, आकडा शंभराच्या खाली आला होता. एवढ्या तीन वर्षांत मराठी माणूस एकदम शहाणा झाला का? नाही. रस्त्याने चुकीला थोडी माफी द्यायला सुरुवात केली. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून मान्य केलं: माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, आणि ती काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची.

बोरघाटातल्या कॅच सायडिंगवाल्यांनी ते कितीतरी आधीच मानलं होतं.

मग आपण मागायचं काय? माझ्या मते पाच गोष्टी, आणि यातली एकही चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही.

एक, बोगद्याच्या अलीकडे अवजड वाहनांना सक्तीचा थांबा. ब्रेक आणि गिअर तपासूनच पुढे सोडायचं. रेल्वे करते तेच.

दोन, उतारावर अनावर गाडी उतरवून घेणारा, खडी भरलेला चढाचा फाटा. खाली वस्ती सुरू व्हायच्या आधी, आणि रात्रीही लांबून दिसेल असा. एका ठिकाणी नाही, गरज असेल तितक्या ठिकाणी.

तीन, स्थानिक वाहतुकीला सलग सर्व्हिस रोड. दूध आणायला निघालेल्या माणसाला कंटेनरच्या पुढे उभं राहायची वेळच येऊ नये.

चार, 'पुढे तीव्र उतार, गिअर खाली टाका, न्यूट्रल करू नका' हे मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये, चित्रासह, बोगद्याच्या आधीपासून परत परत. फक्त मराठी पाटी लावून कर्नाटकातल्या चालकाला समजेल अशी अपेक्षा धरू नका.

पाच, चालकाचे तास मोजा. अपघात झाला की चालकाबरोबर मालकालाही विचारा, 'हा शेवटचा झोपला कधी?'

आणि आपण? आपण ट्रक चालवत नाही. पण नवले पुलाच्या उतारावर ट्रकच्या पुढे घुसून करकचून ब्रेक मारणारे आपणच असतो. तो ट्रक तेवढ्या अंतरात थांबू शकत नाही, ही त्याची मुजोरी नाही, वरचं गणित आहे. त्याच्या पुढची मोकळी जागा ही तुमच्यासाठी ठेवलेली नसते. ती त्याची ब्रेकची जागा असते. ती खाऊ नका. उतारावर उजव्या लेनमध्ये रेंगाळू नका, सेल्फी पॉइंटला कडेला थांबून फोनवर बोलू नका, आणि पुढे रांग दिसली की हॅझार्ड लाइट लावून मागच्याला सांगा. त्याची कुवत वाढवणं आपल्या हातात नाही. त्याच्यावरची मागणी थोडी कमी करणं आहे.

शेवटचं. शिंगांना पलिते बांधले तेव्हा फसवायचं होतं ते शत्रूला. आज त्याच डोंगराच्या उतरणीवर आपला रस्ता आपल्याच माणसांना फसवतोय, आणि दर अपघातानंतर 'ब्रेक फेल, चालक ताब्यात' ही बातमी देऊन यंत्रणा आपल्याला कात्रजचा घाट दाखवते. पुढच्या वेळी ही बातमी वाचाल तेव्हा एवढंच विचारा: चालक ताब्यात आहे हे कळलं, उतार कधी ताब्यात घेणार?

पटलं तर धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वडगावच्या आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ट्रान्सपोर्टवाला कुणी ओळखीचा असेल तर न्यूट्रलचा भाग त्याला आवर्जून वाचून दाखवा. आणि तुमच्या भागातला नगरसेवक, आमदार, खासदार यांच्यापैकी जो फोन उचलेल, त्याला वरच्या पाच गोष्टी विचारा.